विरोधी मताच्या माणसाशी राजकारण बोलायच्या तीन तयार सेवा: काय जमतं, कुठे अडतं

विरोधी मताच्या माणसाशी राजकारणावर नीट बोलता यावं म्हणून आता चक्क तयार सेवा निघाल्या आहेत. कोणी तुम्हाला विरोधक शोधून देतं, कोणी सूत्रधार आणि वेळापत्रक पुरवतं, तर कोणी हातात फक्त चार पानं ठेवतं आणि म्हणतं, घ्या, बसा. इथे तिघांचा आढावा आहे: जर्मनीत सुरू झालेली जोड्या लावणारी सेवा ‘माय कंट्री टॉक्स’, अमेरिकेतल्या ‘ब्रेव्हर एंजल्स’ची लाल-निळी कार्यशाळा, आणि ‘लिव्हिंग रूम कन्व्हर्सेशन्स’ची मार्गदर्शिका.

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढे वाचायला नको. तिन्हींपैकी एकही सेवा कोणाचं मत बदलून देत नाही. मत फिरवायला आलेला माणूस तिन्ही ठिकाणी वैतागतो आणि बहुतेक वेळा इतरांनाही वैताग देतो. मिळतं ते वेगळंच: समोरची बाजू प्रत्यक्षात काय म्हणते याचं बरंचसं अचूक चित्र, आणि आपल्या मुद्द्यात भोक नेमकं कुठे आहे त्याचा पत्ता. आपल्याच बाजूचे लोक ते भोक दाखवत नाहीत. कधी त्यांना दिसत नाही म्हणून, कधी दिसूनही बरं दिसत नाही म्हणून. तेव्हा सेवा जोखायची ती याच मापाने: परतताना विरोधकाचा मुद्दा त्याच्या तोंडी शोभेल असा तुम्हाला मांडता येतो का?

जोडी लावून देणारी सेवा

‘माय कंट्री टॉक्स’चं मूळ २०१७ मधलं. त्या सप्टेंबरात जर्मनीत संसदेची निवडणूक होती. ‘त्साइट ऑनलाइन’ या वृत्तसंकेतस्थळाने त्याआधी ‘डॉयच्लांड श्प्रिश्ट’ नावाचा उपक्रम काढला. वाचकांना पाच हो-नाही प्रश्न विचारले. सुमारे १२,००० जणांनी नाव नोंदवलं आणि जूनमधल्या एका रविवारी साधारण १,२०० लोक, म्हणजे ६०० जोड्या, समोरासमोर बसले. पुढे तेच सॉफ्टवेअर इतर देशांतल्या माध्यमसंस्थाही वापरू लागल्या आणि २०१९ मध्ये युरोपभर देशांच्या सीमा ओलांडूनही जोड्या लागल्या.

काम असं चालतं. बातमी वाचता वाचता एक प्रश्न समोर येतो. उत्तर दिलं की पुढचे प्रश्न, मग थोडी स्वतःची माहिती. ठरलेल्या दिवशी संगणक सगळी उत्तरं एकमेकांसमोर ठेवतो आणि दोन गोष्टी एकदम बघतो: उत्तरं जास्तीत जास्त उलटी हवीत आणि राहण्याच्या ठिकाणांमधलं अंतर कमीत कमी हवं. जोडी लागली की दोघांना कळवलं जातं. दोघांचाही होकार आला तरच गाठ घालून दिली जाते. भेट कुठे, किती वेळ, कशावरून सुरुवात, हे सगळं त्या दोघांवर सोडलेलं असतं. सूत्रधार नाही, प्रेक्षक नाहीत. आमच्या मते प्रेक्षक नसणं हा या सेवेचा सगळ्यात मोठा गुण. तिसरा माणूस ऐकायला बसला की बोलणारा समोरच्याशी बोलायचं सोडून त्या तिसऱ्याला जिंकायला लागतो.

या सेवेचा जीव मात्र प्रश्नांत आहे. २०१८ च्या फेरीतले काही प्रश्न बघा: मांसावर जास्त कर लावावा का? शहरांचा मध्यभाग मोटारमुक्त करावा का? सीमांवर नियंत्रण आणखी कडक करावं का? तिन्ही प्रश्न एखाद्या निर्णयाबद्दल आहेत. ‘सरकार चांगलं चाललंय का’ असं विचारलं तर लोक पक्षाचं नाव आठवून उत्तर देतात आणि मग भेटीत पक्षाचंच भांडण होतं. निर्णयाबद्दल विचारलं की एकाच पक्षाचे दोन मतदारही उलट बाजूंना पडू शकतात, आणि तिथूनच बोलणं रंगतं.

दुसरी मेख गणिताची. प्रश्नावर मतं साधारण अर्धी-अर्धी पडली नाहीत तर जोड्याच लागत नाहीत. १०० पैकी ८० जण ‘हो’ म्हणाले आणि २० जण ‘नाही’, तर जास्तीत जास्त २० उलट जोड्या होतात आणि ६० जण विरोधकाविना उरतात. एकाच माध्यमाचा वाचकवर्ग साधारण एकाच कलाचा असतो, त्यामुळे ही अडचण हमखास येते. २०१८ मध्ये इतर माध्यमसंस्थांना सोबत घेतल्यावर वाचकांचा पैस वाढला, आणि तोच त्यावरचा खरा उपाय. आपल्या गटात, संस्थेत किंवा सोसायटीत असं काही करायचं असेल तर दहा-बारा प्रश्न आधी वीस-पंचवीस जणांवर तपासून घ्या. ज्या प्रश्नावर तीन चतुर्थांशाहून जास्त लोक एका बाजूला जातात, तो सरळ काढून टाका.

तिसरी अडचण गळतीची. १२,००० मधले १,२०० म्हणजे दहातला एक. नोंदणी करायला मिनिट लागतं, अनोळखी विरोधकाला भेटायला अर्धा दिवस. नोंदणी आणि भेट यांत जितके आठवडे जातील तितके लोक गळतात. शिवाय होकार दोघांचा लागतो, त्यामुळे एकाच्या आळसाने दोघे बाहेर पडतात. आपल्या पातळीवर करताना नोंदणीच्या वेळीच भेटीची तारीख जाहीर करा आणि राखीव माणसं हाताशी ठेवा.

आता फायदा. या उपक्रमातल्या संभाषणांचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे आणि निष्कर्ष एकांगी नाही, म्हणून विश्वासार्ह वाटतो. उलट मताच्या माणसाशी बोललेल्यांची मतं जवळ आली नाहीत, पण विरोधी गटाविषयीची अढी बरीच कमी झाली. ज्यांच्या वाट्याला जवळपास आपल्याच मताचा माणूस आला, त्यांची मतं मात्र आणखी टोकाला गेली. वरच्या गणिताकडे आता पुन्हा बघा. प्रश्न चुकीचे निवडले की उरलेल्या ६० जणांना एकमेकांशी जोडण्याचा मोह होतो, आणि तसं केलं की सेवा नेमकं उलटं काम करते. विरोधक मिळाला नाही तर जोडी लावूच नये.

‘मी विरोधकांच्या पोस्टी रोज वाचतो, मला भेटायची काय गरज?’ असं म्हणणारे पुष्कळ. समाजशास्त्रज्ञ ख्रिस बेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या ट्विटर वापरणाऱ्यांना पैसे देऊन महिनाभर विरोधी बाजूच्या पोस्टी दाखवणारं खातं फॉलो करायला लावलं होतं. रिपब्लिकन लोक त्यानंतर आणखी उजवीकडे सरकले. डेमोक्रॅट किंचित डावीकडे गेले, पण तो फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने धरण्याजोगा नव्हता. पोस्ट वाचणारा माणूस उलट प्रश्न विचारू शकत नाही, आणि लिहिणारा बहुतेक वेळा आपल्याच लोकांच्या टाळ्यांसाठी लिहीत असतो.

भेटीचा गुण किती टिकतो, हा वेगळा प्रश्न. सांतोरो आणि ब्रूकमन या संशोधकांच्या २०२२ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या एकमेकांविरुद्धच्या दोन पक्षांच्या अनोळखी लोकांना व्हिडिओवर बोलायला लावलं. ‘तुमचा आदर्श दिवस कसा असेल’ अशा बिनराजकीय विषयावर बोलले तेव्हा नावड झपकन उतरली, पण तीन महिन्यांनी जवळपास पूर्ववत झाली. मतभेदाच्या विषयावर बोलले तेव्हा तसा फरकच दिसला नाही. जर्मनीतल्या जोड्या मात्र मतभेदावरच बोलत होत्या, तरी अढी कमी झाली. आमचा अंदाज असा की प्रत्यक्ष भेट आणि लांबलेला वेळ यामुळे हा फरक पडतो: विरोधकाशी वीस मिनिटांत फक्त भूमिका मांडून होते, तिच्यामागची कारणं तासाभरानंतर बाहेर येतात. एका भेटीवर थांबू नका, एवढं तरी यातून नक्की घ्यावं.

पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो भेटीत काय करायचं याची शिदोरी फारच तुटपुंजी आहे म्हणून.

लाल-निळी कार्यशाळा

डिसेंबर २०१६. अमेरिकेत अध्यक्षीय निवडणूक नुकतीच झालेली. ओहायो राज्यातल्या साउथ लेबनन या छोट्या गावात ट्रम्प यांना मत दिलेले १० आणि क्लिंटन यांना मत दिलेले ११ जण एकत्र बसले, आणि त्यातून आजची ‘ब्रेव्हर एंजल्स’ संस्था उभी राहिली. आराखडा बिल डॉहर्टी यांचा. ते कुटुंबसमुपदेशक आहेत, आणि तो पेशा आराखड्यात जागोजाग दिसतो: पटवायचं नाही, प्रत्येकाने स्वतःपुरतं बोलायचं, आणि सूत्रधाराने मधे पडायला कचरायचं नाही.

ठरावीक कार्यशाळा साधारण तीन तासांची. लाल म्हणजे रिपब्लिकन बाजूचे पाच ते सात, निळे म्हणजे डेमोक्रॅट बाजूचे तितकेच, आणि दोन सूत्रधार. बाकीचे कोणी आले तर निरीक्षक म्हणून मागे बसतात, बोलत नाहीत.

पहिला प्रकार साचेबंद समजुतींचा. दोन्ही गट वेगवेगळ्या खोल्यांत जातात. ‘समोरचे आपल्याबद्दल काय काय समजतात’ याची यादी करतात आणि त्यातल्या चार-पाच समजुती निवडतात. प्रत्येक समजुतीपुढे दोन रकाने भरायचे: खरं काय आहे, आणि तिच्यात सत्याचा अंश किती. मग दोन्ही गट परत येऊन आपापला कागद वाचून दाखवतात. गंमत अशी की ‘यांना गरिबांची पर्वा नाही’ किंवा ‘यांना प्रत्येक रोगावर सरकारी खर्च हाच इलाज दिसतो’ असल्या वाक्यांची यादी विरोधकाने केली असती तर भांडण झालं असतं. ज्यांच्याबद्दल आहे तेच वाचून दाखवतात, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या हातातलं अर्धं शस्त्र गळून पडतं.

बिघाड होतो तो दुसऱ्या रकान्यात. गट पहिला रकाना जोशात भरतो आणि सत्याच्या अंशाशी आला की घड्याळ बघायला लागतो. तो रकाना कोरा किंवा गुळगुळीत राहिला तर पुढची सत्रं पांगळी होतात, कारण समोरच्या गटाला वाटतं की हे वकिली करायला आलेत. सूत्रधाराने वेळेची वाटणी उलटी करावी. यादीला दहा मिनिटं पुरतात, सत्याच्या अंशाला वीस द्यावीत.

दुसरा प्रकार दोन वर्तुळांचा, ‘फिशबोल’ म्हणून ओळखला जाणारा. संपूर्ण कार्यशाळेतला हा भाग सगळ्यात मोलाचा. एक गट आतल्या वर्तुळात एकमेकांकडे तोंड करून बसतो, दुसरा बाहेरच्या वर्तुळात. आतल्यांना दोन प्रश्न: तुमच्या बाजूची मूल्यं आणि धोरणं देशासाठी चांगली का आहेत? आणि तुमच्या स्वतःच्या बाजूबद्दल तुम्हाला काय खटकतं? बाहेरचे फक्त ऐकतात. मग जागा बदलायच्या. शेवटी लाल-निळी जोडी करून, काय नवीन कळलं आणि काय समान सापडलं यावर बोलायचं.

पहिल्या प्रश्नाला भाषणं येतात, ती येऊ द्यावीत. खरं काम दुसरा प्रश्न करतो. विरोधक आपल्याच पक्षाचे दोष सांगतोय हे ऐकायची कोणाला सवय नसते, आणि तो जे दोष सांगतो ते तुम्ही रोज देत असलेल्या शिव्यांहून बहुधा वेगळे असतात. आतले लोक एकमेकांशी बोलत असतात, तुमच्याशी नाही. म्हणून बचावाचा सूर लागत नाही. ऐकणाऱ्यालाही उत्तर द्यायची परवानगी नाही, त्यामुळे डोक्यात प्रतिवाद जुळवत बसण्यात अर्थ उरत नाही आणि माणूस नाइलाजाने ऐकतो.

यात घसरण्याच्या जागा दोन. पहिली, दोषाच्या नावाखाली स्वतःचं कौतुक. ‘आमची बाजू फारच सभ्य आहे, म्हणून मार खाते’ हे नोकरीच्या मुलाखतीतल्या ‘मी जरा जास्तच काम करतो’सारखं उत्तर. असं वाक्य आलं की सूत्रधाराने तिथल्या तिथे विचारावं, ‘हा दोष झाला की गुण?’ एकदा विचारलं की बाकीचे सावध होतात. दुसरी घसरण बाहेरच्या वर्तुळात: भुवया उंचावणं, शेजाऱ्याला कोपर मारणं, नाकातून हसणं. आतल्यांची पाठ बाहेरच्यांकडे असावी ती यासाठीच. बाहेरच्यांच्या हाती कागद-पेन दिलं तर हात गुंततात आणि चेहरे आपोआप शांत राहतात.

मग प्रश्नांचं सत्र. पुन्हा वेगळ्या खोल्यांत जाऊन समोरच्या गटासाठी प्रश्न तयार करायचे, पण ‘समजून घ्यायचे’. ‘तुम्हाला लाज कशी वाटत नाही’ याला प्रश्नचिन्ह लावलं तरी तो प्रश्न होत नाही, हे लोकांना वाटतं त्याहून कठीण जातं. ओळखायची सोपी खूण: ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असं वाटतं, तो यादीतून काढा.

कार्यशाळेची मोठी मर्यादा संख्येची. सात विरुद्ध तीन झाले की ते तिघं आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असल्यासारखे बोलतात, नाहीतर आपल्या पूर्ण बाजूचे प्रवक्ते होतात. उजव्या मताचे लोक अशा कार्यक्रमांना कमी येतात, ही तिथल्या संयोजकांची नेहमीची डोकेदुखी. यावर एकच प्रामाणिक तोड आहे: मोठ्या बाजूची माणसं कमी करून निरीक्षकांत बसवायची, मग ती रुसली तरी चालतील.

दुसरी मर्यादा आराखड्यातलीच. तो दोन पक्षांच्या देशासाठी बेतलेला आहे. जिथे चार-पाच पक्ष, आघाड्या आणि कुंपणावरचे मतदार आहेत तिथे लाल-निळं करताच येत नाही. जबरदस्तीने केलं तर लोक ‘मी यांच्यातला नाही’ हे सांगण्यातच पहिला तास घालवतात. अशा ठिकाणी पक्ष सोडून एका निर्णयावर गट पाडा. वारसा कर असावा म्हणणारे आणि नसावा म्हणणारे, असे. साचेबंद समजुतींचं सत्र त्यात थोडं फिकं पडतं, पण दोन वर्तुळांचं सत्र उलट जास्त चांगलं चालतं.

याच संस्थेचा वादसभेचाही प्रकार आहे. त्यात जय-पराजय नसतो आणि वक्त्याला विचारायचा प्रश्न अध्यक्षाला उद्देशून विचारावा लागतो. ‘तू खोटं बोलतोस’च्या जागी ‘अध्यक्षमहाराज, वक्ते याचा आधार सांगतील का’ म्हणावं लागलं की रागाची धार आपोआप उतरते. ज्यांना हळवी वर्तुळं सोसत नाहीत त्यांनी इथून सुरुवात करावी.

पाचपैकी साडेचार गुण. मात्र शिकलेला सूत्रधार नसेल तर अडीच.

मार्गदर्शिका घेऊन घरच्या घरी

‘लिव्हिंग रूम कन्व्हर्सेशन्स’ जोन ब्लेड्स यांनी २०१० मध्ये सुरू केलं. शंभराहून जास्त विषयांवरच्या मार्गदर्शिका फुकट उतरवून घेता येतात. पाच-सहा जण, दीड तास, सूत्रधार नाही. यजमानही गप्पांत भाग घेतो. सुरुवातीला सहा करार मोठ्याने वाचायचे: कुतूहलाने ऐकणं, आदर ठेवून निवाडा बाजूला ठेवणं, साम्य आणि फरक दोन्ही टिपणं वगैरे. मग तीन फेऱ्या: ओळख, विषय, आणि शेवटी या गप्पांतून काय मिळालं. प्रत्येकाला पाळीने साधारण दोन मिनिटं.

बसवायला सगळ्यात सोपा प्रकार हाच, आणि सगळ्यात मिळमिळीतही. पाळीपाळीने बोलल्यामुळे कोणी कोणाला कापत नाही. पण कोणी कोणाला भिडतही नाही. सहा जण सहा सुटी निवेदनं करतात आणि ‘किती छान झालं’ म्हणत उठतात. दुसऱ्या फेरीनंतर दहा मिनिटं काढून एक प्रश्न घाला: ‘आत्ता ऐकलेल्यातलं कुठलं वाक्य तुला पटलं नाही, आणि ते ज्याचं आहे त्याला तू काय विचारशील?’ घड्याळ सांभाळायचं काम सगळ्यात जास्त बोलणाऱ्याकडे द्या. त्याचा त्यालाच आळा बसतो. मार्गदर्शिका इंग्रजीत आहेत. शब्दशः भाषांतर केलं तर करार शाळेतल्या प्रतिज्ञेसारखे वाजतात, म्हणून प्रत्येक करार आपल्या बोलीत एका ओळीत लिहून घ्यावा.

तीन गुण.

दोघंच बसता तेव्हा

जोडी लावणारी सेवा जी शिदोरी देत नाही ती इथे. तिन्ही सेवांतला कामाचा ऐवज काढला तर दोन माणसांच्या भेटीसाठी तीन पायऱ्या उरतात: परत मांडणं, ‘कसं’ विचारणं, आणि ‘काय कळलं तर बदलशील’ विचारणं. विषय घेऊ या मतदानाच्या सक्तीचा.

एकजण म्हणतो, ‘सक्ती असलीच पाहिजे. नाहीतर ज्यांना सवड आहे तेच सरकार निवडतात.’ दुसरीच्या तोंडावर आलेलं उत्तर असतं, ‘म्हणजे लोकांना दांडक्याने केंद्रावर न्यायचं?’ हे बाहेर पडलं की पुढचा अर्धा तास दांडक्यावर जातो. त्याऐवजी ती म्हणाली, ‘तुझं म्हणणं असं की सक्ती नसली तर हातावर पोट असलेले लोक गळतात, आणि मग पुढारी त्यांच्याकडे बघत नाहीत. बरोबर?’ तर तो म्हणतो, ‘बरोबर. आणि सक्ती केली की मतदान सोपं करणं ही सरकारचीही जबाबदारी होते.’ हा दुसरा मुद्दा पहिल्यापेक्षा भक्कम आहे, आणि तो परत मांडणीशिवाय निघालाच नसता. विरोधकाची बाजू त्याचं समाधान होईल अशी आधी मांडावी, ही सूचना गणितज्ञ अनातोल रापोपोर्ट यांनी १९६० सालीच करून ठेवली आहे. ‘हो, अगदी हेच’ असं समोरून येईपर्यंत आपला मुद्दा सुरू करायचा नाही. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर त्यालाच म्हणा, ‘तूच एका वाक्यात सांग.’

मग ‘कसं’. ‘का’ विचारलं की माणूस ठेवणीतली कारणं काढतो. ‘कसं’ विचारलं की यंत्रणा उलगडावी लागते: न आल्याचं रास्त कारण कोण ठरवणार? दंड न भरणाऱ्याचं काय? कोरी मतपत्रिका टाकली तर चालेल का? फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की धोरण पायरी-पायरीने समजावून सांगताना आपल्याला वाटतं तितकं कळत नाही, हे माणसाच्या लक्षात येतं. त्यामुळे मत मवाळ होतं, हा त्यांचा दुसरा दावा मात्र नंतरच्या पडताळण्यांत तितका टिकला नाही. तेव्हा ‘कसं’ हे अस्त्र समजून फेकू नका. आधी स्वतःच्या बाजूला लावा. सक्ती नको म्हणणाऱ्या ‘ती’नेही सांगावं की गळणारे लोक मग आणायचे कसे.

तिसरा प्रश्न, ‘काय कळलं तर तुझं मत बदलेल?’ याला ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं तरी ते उपयोगी आहे. मग प्रश्न तथ्यांचा नसून मूल्यांचा आहे, आणि आकडे फेकण्यात दोघांचाही वेळ जातो. मतदान न करणं हाही स्वातंत्र्याचा भाग आहे असं ती म्हणाली, तर कुठलीच आकडेवारी तिथे पोचत नाही. पण ती म्हणाली की ‘सक्तीने टक्का फारसा वाढत नाही’, तर तो दावा तपासता येतो. ऑस्ट्रेलियात १९२२ मध्ये मतदान ६० टक्क्यांच्या खाली होतं. १९२४ मध्ये सक्तीचा कायदा झाला आणि १९२५ मध्ये ते ९१ टक्क्यांवर गेलं. अलीकडच्या निवडणुकांत तिथे सुमारे ५ टक्के मतपत्रिका बाद ठरतात, हा आकडा तिच्या बाजूने. दोन्ही आकडे टेबलावर आले की भांडण ‘वाढतं का’वरून ‘वाढलेल्यातलं मनापासूनचं किती’वर सरकतं. तो प्रश्न जास्त चांगला आहे.

आकड्यावरून अडलं तर फोन काढू नका. एकजण शोधत बसतो, दुसरा बघत बसतो, आणि सापडलेला पहिला दुवा शोधणाऱ्याच्याच बाजूचा निघतो. कागदावर ‘तपासायचं’ असा रकाना करा, वादातला आकडा तिथे लिहा आणि पुढे चला. नंतर दोघांनी वेगवेगळं शोधून एकमेकांना पाठवा. दुसऱ्या भेटीला आयतं निमित्तही मिळतं.

हमखास घात करणारी वाक्यं ठरलेली आहेत. ‘तुम्ही लोक’ म्हटलं की समोरचा एकटा माणूस अख्ख्या पक्षाचा वकील होतो, म्हणून ‘तू’वर राहा. ‘तेव्हा तुमचे कुठे गेले होते?’ हा प्रश्न मुद्दा पळवतो. उत्तर म्हणून ‘तेही चूकच होतं, आता यावर बोलू’ एवढं पुरतं. भेटीला नव्वद मिनिटं धरा, एकच विषय घ्या, फार तर दोन. पहिली दहा मिनिटं ‘हे मत तुझं कधीपासून आणि कशामुळे झालं’ यावर घालवा. भेट ठरवताना जेवणाची पंगत, लग्नघर किंवा कौटुंबिक ग्रुप टाळा, तिथे प्रेक्षक असतात.

मन वळवणं हेच ध्येय असेल तर वेगळा माल घ्या. ब्रूकमन आणि काला यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मायामीतल्या प्रयोगात दारोदार जाऊन केलेल्या सुमारे दहा मिनिटांच्या संभाषणाने ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम किमान तीन महिने टिकला. त्यांच्या पुढच्या प्रयोगांत नुसत्या युक्तिवादाने काही झालं नाही. निवाडा न करता एकमेकांचे अनुभव ऐकणं-सांगणं घातलं तेव्हाच फरक पडला. पण त्या कामाला प्रशिक्षित कार्यकर्ते लागतात आणि हेतू एकतर्फी असतो. बरोबरीच्या गप्पा म्हणून ते खपवणं अप्रामाणिकपणाचं.

कोणी यातलं काहीच घेऊ नये? जिथे समोरचा तुमचा पगार, गुण किंवा घरभाडं ठरवतो तिथे. ज्याच्या नागरिकत्वावर किंवा माणूसपणावरच वाद आहे, त्याला ‘येऊन शांतपणे ऐक’ असं बोलावणं म्हणजे खर्च एकाचा आणि शिकवणी दुसऱ्याची. त्याने स्वतःहून यायचं ठरवलं तर गोष्ट निराळी. आणि निवडणूक प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात तर कोणीच घेऊ नये.

पक्षाच्या कार्यकर्त्यांसाठी एक धोक्याची सूचना. राज्यशास्त्रज्ञ डायना मट्झ यांना अभ्यासात असं आढळलं की ज्यांच्या ओळखीपाळखीत उलट मताचे लोक जास्त, ते राजकारणात कमी भाग घेतात. दोन्ही बाजू दिसल्या की घोषणा द्यायला घसा तितका मोकळा होत नाही. प्रचारप्रमुखाच्या दृष्टीने हा तोटा आहे आणि तो खरा आहे. म्हणून कार्यकर्त्यांच्या फळीला कार्यशाळेत पाठवायचं तर मतदान उरकल्यावर, साधारण महिनाभराने पाठवा. निकालाची नशा आणि चीड दोन्ही तोवर उतरलेली असते, आणि दोन वर्तुळांतल्या त्या दुसऱ्या प्रश्नाला हरलेलेच नव्हे, जिंकलेलेही जरा खरी उत्तरं देतात.